३०५ विरुद्ध ६१

पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणात ला व्हारेन नावाचे उपनगर आहे. १९३६ साली तिथल्या 'ल दोम' या चित्रपटगृहात एक मतदान झाले. ते सरकार निवडण्यासाठी नव्हते; सरकार त्याच वर्षीच्या मे महिन्यात निवडून झाले होते. मत द्यायचे होते ते एका चित्रपटाच्या शेवटावर. मित्राने मित्राला गोळी घालावी, की दोघांनी गळ्यात गळे घालून गिऱ्हाइकांच्या स्वागताला जावे? ३६६ प्रेक्षकांपैकी ३०५ जणांनी गळाभेटीच्या बाजूने कौल दिला. विरोधात राहिले ६१. दर सहा माणसांत पाच, हा हिशेब अगदी काटेकोर बसतो.

चित्रपटाचे नाव 'ला बेल एकीप', म्हणजे 'झकास टोळी'. दिग्दर्शक ज्युलियँ द्युव्हिविए, पटकथा त्याची आणि शार्ल स्पाकची, मुख्य भूमिकेत जाँ गाबँ. आज ज्याला 'फीलगुड' म्हणतात, म्हणजे चारपाच मित्रांची टोळी, थोडे रडणे, थोडे हसणे आणि शेवटी मन हलके करून घरी पाठवणारा चित्रपट, त्या फ्रेंच परंपरेच्या मुळाशी हा चित्रपट आहे. तरी गोड शेवटाची प्रत पाहून उठताना मन हलके होत नाही. काहीतरी चुकले, कोणीतरी मध्येच हिशेब बंद केला, असे वाटत राहते. ही निराशा कुठून येते, याचा शोध घेण्यासारखा आहे. कारण तिचे मूळ दिग्दर्शकाच्या कौशल्यात नाही. ते त्या मतदानात आहे.

पाच मित्र, एक लाख फ्रँक

गोष्ट साधी आहे. पॅरिसच्या एका कळकट लॉजमध्ये पाच मित्र राहतात. लॉजचे नाव मात्र 'इंग्लंडचा राजा'. जाँ, शार्ल, रेमाँ ऊर्फ तँतँ, जाक आणि स्पेनमधून आलेला निर्वासित मारिओ. कोणाच्याही हाताला काम नाही. अशात त्यांनी मिळून काढलेल्या तिकिटाला राष्ट्रीय लॉटरीत एक लाख फ्रँकचे बक्षीस लागते.

ही लॉटरी त्या काळी नवीच होती. महामंदीच्या दिवसांत, १९३३ साली, फ्रेंच सरकारने ती सुरू केली. पहिल्या सोडतीत तारास्काँ गावच्या एका न्हाव्याला पन्नास लाख फ्रँक मिळाले आणि तो देशभर प्रसिद्ध झाला. बेकारांच्या देशात नशीब हाच एक रोजगार उरला होता, असे म्हटले तरी चालेल.

वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस हजार येणार. प्रत्येकाची स्वप्नेही वेगवेगळी. जाँ म्हणतो, वाटू नका. पैसे एकत्र ठेवू, काहीतरी आपले उभारू. मार्नच्या काठावरचे एक पडके धोबीघर ते विकत घेतात आणि स्वतःच्या हातांनी त्याचे 'गँगेत' करायला लागतात.

गँगेत म्हणजे नदीकाठचे खाण्यापिण्याचे आणि नाचगाण्याचे ठिकाण. जुन्या पॅरिसमध्ये शहराच्या वेशीवर दारूवर जकात लागे. वेशीबाहेर ती स्वस्त मिळे. म्हणून रविवारी कामगार, शिवणकाम करणाऱ्या मुली, कारकून शहराबाहेर पडत, आंबट पण स्वस्त वाइन पीत आणि अकॉर्डियनवर नाचत. ऑग्युस्त रन्वारने सेन नदीकाठच्या शातू इथल्या अशाच एका ठिकाणच्या जेवणाचे चित्र रंगवले आहे. ते अनेक वाचकांनी पुस्तकांत पाहिले असेल. गँगेत ही गरिबांची सुटी होती, पण ती एका दिवसाची. संध्याकाळी परतायचे आणि सोमवारी कामावर जायचे. या पाच मित्रांनी ठरवले की आपण त्या रविवारचेच मालक व्हायचे. त्यांनी नाव ठेवले 'शे नू', म्हणजे 'आपल्याकडे'.

चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग छपरावरचा आहे. काम अर्धवट असताना रात्री वादळ येते. नवी कौले उडून जायला लागतात. पैसे संपत आलेले. कौले गेली तर सगळेच गेले. तेव्हा हे मित्र छपरावर चढतात आणि पावसात कौलांवर आडवे होतात. अंगाच्या वजनाने छप्पर धरून ठेवतात. सहकाराची व्याख्या करणारी भाषणे त्या वर्षी फ्रान्समध्ये पुष्कळ झाली असतील. या दृश्याइतके सोपे त्यांत काही नसावे.

तो उन्हाळा

हा चित्रपट कोणत्या उन्हाळ्यात तयार होत होता, ते लक्षात घेतल्याशिवाय ते मतदान कळत नाही.

मे १९३६ मध्ये समाजवादी, रॅडिकल आणि कम्युनिस्ट यांची 'लोकआघाडी' निवडून आली. नवे सरकार सत्तेवर यायच्या आतच कारखान्यांत संप सुरू झाले. कामगार गेटाबाहेर गेले नाहीत. यंत्रांशेजारीच बसले, तिथेच जेवले, रात्री अंगणात अकॉर्डियन वाजवून नाचले. एकट्या जून महिन्यात बारा हजारांहून अधिक संप झाले आणि सुमारे अठरा लाख लोक त्यांत उतरले. ४ जूनला लेऑं ब्लूम पंतप्रधान झाले. ७ जूनला मालक आणि कामगार संघटना यांच्यात मातिन्यों करार झाला; त्यात ७ ते १५ टक्के पगारवाढ होती. २० जूनला पगारी सुटीचा कायदा झाला, वर्षाला दोन आठवडे. दुसऱ्या दिवशी चाळीस तासांच्या आठवड्याचा.

पगार चालू ठेवून दोन आठवडे सुटी, ही गोष्ट बहुतेक कामगार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली नव्हती. क्रीडा आणि विरंगुळा या नव्या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले. भाड्यात चाळीस टक्के सूट होती. त्या पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून अधिक लोकांनी ते वापरले. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. ज्यांना दूर जाणे परवडले नाही ते सायकली काढून मार्नच्या काठी गेले.

आता ला व्हारेनचे ते चित्रपटगृह पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ते मार्नच्या वळणातच आहे. पडद्यावर जी नदी दिसते तीच प्रेक्षागृहाबाहेर वाहते आहे. पडद्यावरचे गाणे, नदीकाठच्या भटकंतीचे, गाबँच्या आवाजात लवकरच सगळ्यांच्या ओठी बसणार आहे. समोर बसलेल्या माणसांना नुकतेच कळले आहे की एकत्र आल्यावर काही मिळू शकते. अशा माणसांना तुम्ही विचारता, 'पाच मित्रांचा बेत फसला पाहिजे का?' ३०५ जणांनी 'नाही' म्हटले, याचे नवल वाटू नये. त्यांना भाबडे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्यांनी पडद्याबाहेर जे पाहिले होते त्याच्या बाजूने मत दिले.

दोन शेवट

द्युव्हिविएने मुळात केलेला शेवट असा. गँगेत उघडायचा दिवस उजाडतो तेव्हा पाचांपैकी दोनच उरलेले असतात, जाँ आणि शार्ल. शार्लची पूर्वीची बायको जीना दोघांच्या मध्ये येते. भांडण विकोपाला जाते आणि जाँ शार्लला गोळी घालतो. बाहेर पाहुणे जमत असताना तो बधिर होऊन म्हणत राहतो की कल्पना चांगली होती.

सप्टेंबर १९३६ मध्ये चित्रपट या शेवटासह पॅरिसमध्ये लागला. अपेक्षेइतका प्रतिसाद मिळाला नाही. निर्मात्यांनी दुसरा शेवट मागितला. त्यात दोघे मित्र वेळीच भानावर येतात, जीनाला हाकलून देतात आणि गँगेतचा कारभार हसत सुरू होतो. ला व्हारेनचा कौल या दुसऱ्या शेवटाला मिळाला आणि पुढची अनेक वर्षे बहुतेकांनी हाच चित्रपट पाहिला. द्युव्हिविएचे मन मात्र पहिल्याच शेवटाकडे होते.

द्युव्हिविए डाव्या चळवळीतला माणूस नव्हता, ही गोष्ट यात महत्त्वाची आहे. आदल्या वर्षी त्याने 'ला बांदेरा' हा स्पेनच्या परदेशी सैनिकदलावरचा चित्रपट केला होता. माणसांच्या टोळीविषयी त्याला कुतूहल होते, विश्वास नव्हता. जाँ रन्वारला तो विश्वास होता, म्हणून स्पाकची ही पटकथा रन्वारला हवी होती आणि तिच्या बदल्यात त्याने स्वतःच्या हातातला 'ला ग्रांद इल्युझिओं' देऊ केला होता, असे सांगितले जाते. अदलाबदल झाली नाही. एका अविश्वासू माणसाच्या हाती विश्वासाची गोष्ट राहिली. त्यामुळे ती गोडगुळमुळीत झाली नाही, हा तिचा फायदा. आणि मोडायची वेळ आली तेव्हा ती मोडायला त्याला फार कष्ट पडले नाहीत, हा तोटा.

तिघांचे काय झाले?

दोन्ही शेवट एकापाठोपाठ एक पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. भांडण फक्त शेवटच्या काही मिनिटांचे आहे. पाचांतले तिघे त्याच्या आधीच गेलेले आहेत आणि ते दोन्ही प्रतींत गेलेलेच राहतात.

जाक पहिला जातो. त्याचे प्रेम मारिओच्या वाग्दत्त वधूवर, युगेतवर बसते. मित्राचा घात नको म्हणून तो मुकाट्याने कॅनडाची वाट धरतो. मग मारिओ. त्याला पोलीस देशाबाहेर काढतात आणि युगेत त्याच्याबरोबर जाते. मग तँतँ छपरावरून पडून मरतो, त्याच छपरावरून, जे त्यांनी रात्रभर अंगाखाली धरून ठेवले होते.

यातली मारिओची हकालपट्टी पटकथेची सोय म्हणून आलेली नाही. १० ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये परदेशी कामगारांच्या संख्येवर मर्यादा घालता येऊ लागल्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर खाणींत आणि बांधकामांवर ज्यांना बोलावून आणले, तेच मंदीत नकोसे झाले. कागद नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून कागद नाही, अशा फेऱ्यात हजारो इटालियन, पोलिश, स्पॅनिश माणसे सापडली. मारिओ त्यांतला एक आहे. आणि चित्रपट तयार होत असतानाच, जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. मारिओला जिथे परत ढकलले जाते तिथे आता काय चालले आहे, हे सप्टेंबरमध्ये चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाला वर्तमानपत्रातून ठाऊक होते.

म्हणजे गोड शेवट कशाला म्हणायचे? पाचांतला एक मेलेला, एक सरहद्दीपलीकडे ढकललेला, एक समुद्रापार. उरलेले दोघे गिऱ्हाइकांचे स्वागत करतात आणि पाटीवर अजून 'आपल्याकडे' लिहिलेले आहे. सुरुवातीला त्या शब्दात पाच माणसे होती. शेवटी त्यात दोन भागीदार आहेत. चित्रपट सहकाराने सुरू होतो आणि धंद्याने संपतो. मध्ये फक्त संगीत मोठे केले आहे. पुढे अमेरिकेत हा चित्रपट 'ते पाच होते' अशा अर्थाच्या नावाने दाखवला गेला. 'होते' या भूतकाळात त्या भाषांतरकाराने जेवढे ओळखले, तेवढे गोड शेवट करणाऱ्यांनी ओळखले नाही.

आणि जीना? व्हिव्हिआन रोमान्सने ती भूमिका इतकी प्रभावी केली की पुढे तशाच भूमिका तिच्या वाट्याला येत राहिल्या. पैशांचा वास लागला की येणारी, पुरुषांना नादी लावणारी बाई. शोकान्त प्रतीत मैत्री बुडते ती तिच्यामुळे. सुखान्त प्रतीत मैत्री वाचते ती तिला घालवल्यामुळे. दोन्ही शेवट एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे आपण समजतो, पण दोष कोणाचा याबाबत दोघांचे एकमत आहे. बेकारी, पोलीस, परवाने, संपत आलेले पैसे ही सगळी कारणे शेवटच्या पंधरा मिनिटांत गुपचूप बाजूला होतात आणि एका बाईच्या माथी खापर फुटते. त्या दिवशी ला व्हारेनमध्ये मत देणाऱ्या बायकांपुढेही हेच दोन पर्याय होते.

माझ्या मते निराशेचे मूळ इथे आहे. ३०५ जण चुकले नाहीत आणि ६१ जणही चुकले नाहीत. चुकली ती मतपत्रिका. 'मित्राला मारा' आणि 'बाईला हाकला' यांखेरीज तिसरा पर्याय तिच्यावर नव्हता. मारिओला परत आणा, असे म्हणायची सोयच नव्हती.

तिसरा पर्याय होता

तिसरा पर्याय त्या काळी सुचण्यासारखाच नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. कारण त्याच वर्षी, जानेवारी १९३६ मध्ये, रन्वारचा 'ल क्रीम द मस्य लांज' म्हणजे 'लांजसाहेबांचा गुन्हा' आला होता. पटकथेत जाक प्रेव्हेर हा कवी होता. तिथेही टोळी आहे, तिथेही सहकार आहे. पॅरिसमधल्या एका चौकातला छापखाना. त्याचा मालक बाताला लबाड आणि बायकांना नासवणारा. तो देणेकऱ्यांना चुकवून पळतो, रेल्वे अपघातात मेला असे सगळे समजतात आणि कामगार छापखाना सहकारी तत्त्वावर चालवू लागतात. धंदा भरभराटीला येतो. तेव्हा बाताला पाद्र्याच्या वेषात परत येतो आणि म्हणतो, हे सगळे माझे आहे. लांज त्याला गोळी घालतो.

इथेही गोळी आहे. पण ती मित्राला नाही. जो टोळीचे कष्ट गिळायला आला त्याला आहे. खून बरोबर की चूक, हा प्रश्न रन्वार लपवत नाही. सरहद्दीजवळच्या एका खाणावळीत लांजची मैत्रीण व्हालेंतीन जमलेल्या माणसांना सगळी हकीकत सांगते आणि पकडून द्यायचे की सोडायचे ते तुम्ही ठरवा म्हणते. ते ऐकतात, विचार करतात आणि दोघांना सरहद्द ओलांडू देतात. तेही एक मतदानच आहे. फरक एवढाच की तिथल्या मतदारांना आधी पूर्ण हकीकत सांगितली जाते. तो शेवट सुखाचा आहे, पण फुकटचा नाही. त्या दोघांना देश सोडावा लागतो, छापखाना मागे राहतो.

आपल्या व्रतांच्या कहाण्यांचा शेवट सुफळ संपूर्ण असतो, म्हणून त्यांना कोणी खोट्या म्हणत नाही. कारण कहाणी आधी सांगते की कोणी काय चुकवले, काय भोगले आणि कसे भरून काढले. सुफळ संपूर्ण हा त्या हिशेबाचा शेवटचा आकडा असतो. मधल्या ओळी खोडून नुसता आकडा लिहिला तर तो पटत नाही. 'ला बेल एकीप'च्या गोड प्रतीत झाले ते हे. 'लांजसाहेबां'त हिशेब मांडलेला आहे.

पुढे काय घडले

इतिहासाने स्वतःचा शेवट लिहिला. तो कोणी मत देऊन निवडला नव्हता.

ऑगस्ट १९३६ मध्ये, म्हणजे सवलतीच्या तिकिटांनी आगगाड्या भरून जात होत्या त्याच महिन्यात, ब्लूम सरकारने स्पेनच्या युद्धात हस्तक्षेप न करण्याचे धोरण घेतले. मारिओच्या देशातले लोकनियुक्त सरकार मदत मागत होते. फ्रान्समधल्या त्याच्या मित्रांच्या सरकारने हात आखडता घेतला. जून १९३७ मध्ये ब्लूम पायउतार झाले. १९३८ च्या मे आणि नोव्हेंबरमध्ये दालादिए सरकारने परदेशी लोकांवर पाळत ठेवणारे आणि 'नको असलेल्यांना' डांबून ठेवता येईल असे हुकूम काढले. त्याच नोव्हेंबरात चाळीस तासांच्या आठवड्यालाही सुरुंग लागला आणि विरोधातला सार्वत्रिक संप मोडून काढला गेला. १९३९ च्या फेब्रुवारीत, बार्सेलोना पडल्यावर, लाखो स्पॅनिश माणसे बर्फातून पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये आली. त्यांना आर्जेलेसच्या समुद्रकिनाऱ्यावर काटेरी तारांमागे ठेवले गेले. अडीच वर्षांपूर्वी फ्रेंच कामगारांनी ज्या समुद्राचे पहिले दर्शन घेतले, त्याच समुद्राच्या वाळूत मारिओसारख्यांनी खड्डे खणून थंडी काढली.

लेओ लाग्रांज जून १९४० मध्ये आघाडीवर लढताना मारले गेले. तँतँचे काम करणारा रेमाँ एमॉस ऑगस्ट १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त होत असताना, रस्त्यावरच्या चकमकीत गोळी लागून गेला. गाबँ अमेरिकेतून परतून स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत रणगाड्यावर होता. चित्रपटातल्या टोळीपेक्षा ती टोळी साकारणाऱ्यांच्या नशिबी आलेला शेवट अधिक गुंतागुंतीचा होता. त्यात हार होती आणि मान ताठ ठेवणेही होते.

पगारी सुटी मात्र टिकली. व्हिशीच्या राजवटीलाही ती काढून घेता आली नाही आणि युद्धानंतर ती वाढत गेली. ३०५ जणांच्या बाजूने बोलणारी ही सर्वांत ठोस गोष्ट आहे. सगळे स्वप्न फसले नव्हते.

टोळीचे वारसदार

यानंतरच्या फ्रेंच समूहपटांत 'ला बेल एकीप' पुन्हा पुन्हा भेटते. क्लोद सोतेचा 'व्हँसाँ, फ्रांस्वा, पोल आणि इतर' १९७४ चा. तेलसंकटानंतरचे वर्ष. इथले मित्र बेकार नाहीत. छोटा कारखानदार, डॉक्टर, लेखक. रविवारी गावाकडच्या घरी जमून जेवतात. व्हँसाँचा धंदा कर्जात बुडतो आणि पैसे मागायची वेळ येते तेव्हा मैत्री कुठवर पुरते, ते दिसते. सोते कोणाला मारत नाही, कोणाला जिंकवतही नाही. ते म्हातारे होतात. त्याचा शेवट गोड नाही तरी निराश करत नाही, कारण पैसा, वय, शरीर यांतले काहीच त्याने लपवलेले नाही.

२०१० मध्ये गियोम कानेचा 'ले पती मुश्वार' आला आणि फ्रान्समध्ये त्याची पन्नास लाखांहून अधिक तिकिटे खपली. मित्रांची टोळी दरवर्षीप्रमाणे काप फेरेच्या किनाऱ्यावर सुटीला जाते. एक मित्र अपघात होऊन पॅरिसच्या अतिदक्षता विभागात पडलेला असतो, तरी जाते. नावाचा अर्थ 'छोटे रुमाल'. नको ते दिसू नये म्हणून त्यावर रुमाल टाकायचा, असा फ्रेंचमध्ये वाक्प्रचार आहे. म्हणजे दिग्दर्शकाला दुखणे कळले होते. पण अडीच तास रुमालांची गंमत दाखवून शेवटी मित्राच्या दफनाच्या वेळी सगळ्यांना रडवले की रुमाल उचलला गेला, असे चित्रपट समजतो. सुटी १९३६ सालीही होती. तेव्हा ती हक्क म्हणून मिळाली होती. इथे ती टोळीतल्या श्रीमंत मित्राच्या घरी आहे. सगळे त्याचे पाहुणे आहेत आणि याविषयी चित्रपटाला फारसे कुतूहल नाही.

जिल लेलूशच्या 'ल ग्रां बँ'ने (२०१८) चाळीस लाखांचा टप्पा गाठला. पाण्यातल्या तालबद्ध कवायतीचा संघ काढणारे मध्यमवयीन पुरुष; एक दोन वर्षे नैराश्याने कामाविना बसलेला, एकाचा धंदा बुडालेला. पुन्हा बेकारी, पुन्हा टोळी. सुरुवात इतकी खरी आहे की आपण आशेने बघू लागतो. मग नॉर्वेत स्पर्धा आणि सुवर्णपदक. त्या पदकाने कोणाचे कर्ज फिटते, कोणाला काम मिळते, हे विचारायची वेळ येऊ नये म्हणून पडदा पडतो. लॉटरीचे तिकीट द्युव्हिविएने कथेच्या सुरुवातीला ठेवले होते. इथे ते शेवटाला आले आहे.

दोन्ही चित्रपटांना अभिनयात कमी नाही. कमी आहे ती मधल्या ओळींची. प्रेक्षक निराश होतो तो गोड शेवट मिळाला म्हणून नव्हे. सुरुवातीला चित्रपटाने जो प्रश्न विचारला होता त्याऐवजी भलत्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून होतो.

दोन्ही प्रती

फ्रेंच कायद्यात कलाकृतीवर निर्मात्याच्या मालकीखेरीज लेखक-दिग्दर्शकाचा एक 'नैतिक हक्क' मानला जातो. १९५७ च्या कायद्याने तो स्पष्टपणे नोंदवला. विकता येत नाही आणि वारसांकडे जातो असा हा हक्क. द्युव्हिविए १९६७ साली गेला. अलीकडच्या काळात पाथेने 'ला बेल एकीप'ची डागडुजी केलेली जी प्रत प्रसिद्ध केली तिच्यात त्याला हवा होता तो शोकान्त शेवट आहे. ऐंशी वर्षांनी ६१ जण जिंकले.

दिग्दर्शकाला त्याचा शेवट परत मिळाला, हे योग्यच झाले. पण इतिहासाच्या अभ्यासकाला एक शेवट खरा आणि दुसरा खोटा असे म्हणून भागत नाही. शोकान्त शेवटात एका दिग्दर्शकाचा माणसांवरचा अविश्वास आहे. सुखान्त शेवटात एका उन्हाळ्याचा विश्वास आहे, आणि तो ३०५ माणसांनी मत देऊन नोंदवलेला आहे. असा दस्तऐवज फार क्वचित मिळतो. म्हणून दोन्ही शेवट एकत्र दाखवले जावेत, आणि पाहणाऱ्याने दोन्हींत मारिओ कुठे आहे ते शोधावे.

तो कुठेच नाही. त्याला नेणारे पोलीस दोन्ही प्रतींत वेळेवर येतात, आणि त्यांच्याविषयी कोणाचेच मत घेतले गेले नव्हते.